शिकवणारा आणि दिपवणारा

दिवाळीच्या सुट्टीत चार नातेवाईक जमले आणि फराळाची ताटे फिरली, की अकरावी-बारावीतल्या चिरंजीवांची झडती सुरू होते. गणिताचे बरे चाललेले असते, रसायन पाठ करून निभते. गाडी अडते ती फिजिक्सपाशी. मग एखाद्या मावशी ठासून सांगतात, "आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा त्या अमक्या क्लासला जातो. सर काय शिकवतात म्हणून सांगू! तीन-तीन तास पोरं जागची हलत नाहीत." एवढ्यावर क्लास ठरतो आणि फी भरली जाते. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, पोत चाचपतो, चार दुकाने फिरतो. मास्तर मात्र ऐकीव माहितीवर पसंत करतो.

पोरे जागची हलत नाहीत हे खरेच चांगल्या मास्तराचे लक्षण आहे का? सर्कशीतही कोणी जागचे हलत नाही! या प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हांला लंडनमधल्या एका लोहाराच्या मुलाची आठवण होते.

मायकेल फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. शाळा नावापुरतीच झालेली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला तिकिटे दिली आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने त्याने ऐकली. नुसती ऐकली नाहीत. टिपणे काढली, घरी येऊन ती विस्ताराने लिहिली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांची बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून दिले. १८१३ च्या मार्चमध्ये तो त्यांचा मदतनीस झाला. पुढे याच माणसाने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखवली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मदतनीस होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा या एकवीस वर्षांच्या पोराने अ‍ॅबट नावाच्या मित्राला व्याख्यान कसे द्यावे यावर लांबलचक पत्रे लिहिली, हे फारसे कोणी सांगत नाही.

ती पत्रे गंमतीची आहेत. खोलीत हवा खेळती हवी, इथपासून सुरुवात. व्याख्यात्याने घाई करू नये, श्रोत्यांकडे पाठ फिरवू नये, तासाच्या वर बोलू नये आणि टाळ्यांची भीक तर मुळीच मागू नये. स्वतःला मात्र तो सहजासहजी पास करीत नसे. त्याने बोलण्याचे रीतसर धडे घेतले. बोलण्याच्या भरात वेग वाढे, म्हणून 'हळू' असे लिहिलेले एक कार्ड व्याख्यानाच्या वेळी समोर ठेवी. वक्तृत्व ही उपजत देणगी आहे असे म्हणून हातपाय गाळणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी हे कार्ड जरूर ध्यानात ठेवावे.

नाताळात मुलांसाठी व्याख्यानमाला चालवण्याची प्रथा त्या संस्थेत १८२५ साली सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडेने अशा १९ माला दिल्या. मोठ्या विद्युच्चुंबकावर तो कोळशाची बादली, चिमटा, विस्तव सारायची सळई फेकून मारी आणि त्या वस्तू तिथेच चिकटून राहत. पोरांना आनंदाचे भरते येत असेल! पण आम्हांला त्याची थोरवी दिसते ती मेणबत्तीच्या व्याख्यानांत. विषय काय, तर घरातली मेणबत्ती. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? पाणी तर नेहमी खाली वाहते! मग त्याने बशीत मिठाचा एक खांब उभा केला आणि बशीत मिठाचे संपृक्त पाणी निळा रंग घालून ओतले. मीठ त्यात आणखी विरघळणार नाही, एवढ्यासाठी ते संपृक्त. बघता बघता निळा रंग खांबातून वर चढू लागला. आपल्या पणतीतले तेलही कापसाच्या वातीतून असेच चढते. अशा वेळी रोजची वस्तू क्षणभर अनोळखी होते आणि मूल विचारू लागते, "असं का?" चिकटलेल्या बादलीपेक्षा हा निळा खांब आम्हांला मोलाचा वाटतो.

फॅरेडेच्या बालश्रोत्यांना परीक्षा नव्हती. त्यामुळे टाळ्या किती आणि समज किती, हा हिशेब तिथे निघाला नाही. तो निघाला पुढे अमेरिकेत, आणि तो वाचून भल्याभल्यांची झोप उडावी.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवीत. विद्यार्थी खूश, अवघड गणिते सटासट सुटत. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला काही साधे प्रश्न घातले. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतो? न्यूटनचा तिसरा नियम शाळेतले पोरही घडाघडा म्हणते. दोन्ही बले सारखीच. पण हार्वर्डची हुशार मुले इथे गडबडली. एका विद्यार्थिनीने तर विचारले, की उत्तर तुम्ही शिकवलेत तसे देऊ, की मला मनातून वाटते तसे? या एका प्रश्नात सारे आले. वर्षभराच्या उत्तम व्याख्यानांनी तिच्या मनातल्या ट्रकला धक्कासुद्धा लागला नव्हता! माझूर यांनी मग शिकवण्याची तऱ्हाच बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचे, शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि मग पुढे जायचे.

त्यांच्याच गटाने २००४ साली आणखी एक निष्कर्ष छापला. वर्गात प्रयोग नुसता पाहिलेल्या मुलांना तो मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा जवळजवळ काहीच जास्त समजले नव्हते. ज्यांच्याकडून आधी 'काय होईल?' याचा अंदाज घेतला होता, त्यांना मात्र स्पष्टपणे जास्त समजले. याला वेळ जादा लागला तो जेमतेम दोन मिनिटे. म्हणजे फॅरेडेची बादली चुंबकाला चिकटण्यापूर्वी कोणी विचारले असते, "मुलांनो, आतले कोळसे चिकटतील का रे?" तर धडा तिथे सुरू झाला असता.

आणि मावशींच्या शिफारशीचे काय? हार्वर्डमधल्याच २०१९ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्या वर्गात मुलांना स्वतः डोके चालवावे लागले तिथे ती जास्त शिकली. पण सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले की जास्त आपणच शिकलो. डोके चालवताना अडखळायला होते, आणि अडखळणे म्हणजे न समजणे, असा मुलांचा समज होतो. तेव्हा "सर मस्त शिकवतात" हे ऐकून हुरळून जाऊ नये, आणि "सर फार प्रश्न विचारतात हो" या तक्रारीने क्लासही बदलू नये.

आपल्याकडे असा मास्तर दुर्मीळ आहे असे नाही. १९६८ च्या डिसेंबरात अहमदाबादेत ऐंशी वर्षांचे सर चंद्रशेखर वेंकट रामन बोलायला उभे राहिले. विषय, आकाश निळे का? उत्तर पुस्तकात असतेच. प्रकाश विखुरतो, निळा जास्त विखुरतो, संपले. पण रामन तेवढ्यावर थांबले नाहीत. चांदणे म्हणजेही सूर्याचाच प्रकाश. मग पौर्णिमेच्या रात्री आकाश निळे का दिसत नाही, हा पेच त्यांनी पुढे ठेवला आणि वातावरणावरून गाडी आपल्या डोळ्यांवर आणली. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येते असे श्रोत्यांना वाटत होते, त्यातूनच नवा प्रश्न निघाला.

आमच्या मते खरी अडचण निराळीच आहे. अंदाज सांगायचा म्हणजे चुकण्याची तयारी हवी, आणि आपल्या वर्गांत चुकीच्या उत्तराला हशा मिळतो. "ट्रकच जास्त जोरात ढकलेल" असे मनातून वाटणारा मुलगा ओठ घट्ट मिटून बसतो, नियम लिहून मार्क मिळवतो आणि जन्मभर ट्रक उराशी बाळगतो. ज्या मास्तराच्या वर्गात तो निर्धास्तपणे तोंड उघडतो, तो मास्तर जरा तोतरा असला तरी चालेल. क्लास पाहायला गेलात तर निकालाचे फलक नंतर वाचा. दाराबाहेर पाच मिनिटे उभे राहा आणि आतून मुलांचे आवाज ऐकू येतात का, तेवढे पाहा.

तोवर घरी करण्यासारखा एक प्रयोग. फॅरेडेने तो १८६० च्या नाताळातल्या मेणबत्तीच्या मालेत प्रखर दिव्याच्या झोतात केला होता. आपल्याला सकाळचे ऊन पुरे. खिडकीत येणाऱ्या कोवळ्या पण स्वच्छ उन्हात पणती लावून ठेवा आणि तिच्यामागे पांढरा कागद धरा. ज्योतीची सावली कागदावर पडेल. आता ज्योतीचा जो भाग सर्वांत लख्ख दिसतो, त्याची सावली सर्वांत फिकी असेल की सर्वांत गडद? कागद धरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे उत्तर लिहून घ्या, आजोबांचेसुद्धा. बरोबर उत्तर आम्ही येथे छापणार नाही.