कापून देऊ का?

चुलीपाशी : साप्ताहिक सदर

संध्याकाळी बेकरीत ब्रेड मागितला की काउंटरवरून ठरलेला प्रश्न येतो, "कापून देऊ का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे : नको, अख्खाच द्या. घरचा लसूण-बटर टोस्ट जमणार की फसणार, हे तिथेच ठरतं.

यंत्राने कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकला गेला तो ७ जुलै १९२८ रोजी, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या चिलिकोथी गावात. यंत्र ओटो रोहवेडर यांचं. सँडविचची सोय झाली हे खरंच. पण स्लाइस किती जाड हवी, हे खाणाऱ्याच्या हातात राहिलं नाही. टोस्टसाठी ते परत आपल्या हातात घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. पावात ओलावा आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि तोवर खमंग तांबूस रंगही येत नाही. पातळ स्लाइसला रंग चढेपर्यंत ती आतूनही वाळून जाते. एक इंच जाड स्लाइसचा पृष्ठभाग कुरकुरीत होतो आणि पोटात मऊ, वाफाळता गाभा शिल्लक राहतो. त्या दोन्हींची गाठ एका घासात पडावी, यासाठीच हा खटाटोप.

आदल्या दिवशीचा ब्रेड घ्या. ताजा सुरीखाली दबतो. दातेरी सुरीने, न दाबता कापा. चार स्लाइसना पन्नास ग्रॅम मऊ बटर आणि गावठी लसणाच्या सात-आठ पाकळ्या पुरतात. लसूण खलबत्त्यात ठेचा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. पाकळी ठेचली जाते तेव्हाच तिच्यातलं विकर कामाला लागतं आणि तो झणझणीत वास तयार होतो. आच लागली की विकर थंडावतं. मग बटर आणि बारीक चिरलेली कोथिंबीर मिसळा. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

आता खरी कसोटी. स्लाइसवर सुरीने अर्ध्या खोलीपर्यंत चौकटी पाडा. कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता दोन्ही बाजू आधी नुसत्याच भाजा. रंग आला की चौकटींत बटर मुरवा आणि ती बाजू जेमतेम अर्धा मिनिट तव्याला लावा. चर्र आवाज येतो आणि तूप कढवताना येतो तसा वास सुटतो. तसाच, कारण बटरमधले दुधाचे घटक तांबूस होतात, तीच आपली बेरी. बेरी करपते तसंच हेही करपतं. फोडणीतला लसूण सोनेरीचा काळा व्हायला किती वेळ लागतो, हे कुणाला सांगायला नको. मी सुरुवातीला बटर आधी लावायची आणि दर वेळी टोस्ट कडू व्हायचा. क्रम बदलला आणि कडवटपणा गेला.

तयार गार्लिक ब्रेड मागवण्याआधी एकदा हे करून पाहा. आज बेकरीत "कापून देऊ का?" असं विचारलं, तर नको म्हणा.