राजधानी हलते, कळमनुरी जागेवरच

ब्राझीलची मोठी शहरे म्हटली की साओ पावलो आणि रिओ आठवतात. १५४९ पासूनची पहिली राजधानी साल्वादोर क्वचितच. मिनास जेराइसच्या सोन्याला रिओचे बंदर सोयीचे होते. १७६३ मध्ये राजधानीही तिकडे गेली.

त्याच दशकात निजामानेही औरंगाबाद सोडून हैदराबाद गाठले. औरंगाबाद म्हणजे मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी. राजधानी गेली की दप्तरेही जातात, हे इतिहासप्रेमी विसरतात.

२१ एप्रिल १९६० रोजी ब्राझीलने समुद्रकाठ सोडून अंतर्भागात ब्रासिलिया गाठली. दहाच दिवसांनी महाराष्ट्र राज्य झाले. राजधानी मात्र समुद्रकाठीच राहिली. मराठवाड्याला हे अंतर अजून जाणवते.

कळमनुरीने तर सारेच बदल बसल्या जागी पाहिले. राजधानी १९५६ पर्यंत हैदराबाद, मग मुंबई; जिल्हा परभणी, १ मे १९९९ पासून हिंगोली. अशा तालुक्यांना ‘मागास’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांचा निजामकाळ लिहायचा, तर हैदराबादच्या अभिलेखागाराची पायरी चढावी लागते. आणि तेथे केवळ मराठीवर भागत नाही, उर्दू-फारसी यावी लागते.