शून्य म्हणजे नाते नव्हे काय?

सन २००२ च्या जुलैत पावसाने दडी मारली. आमच्या माळव्यातील एका विद्यार्थ्याचे वडील, सोयाबीनची पेरणी वाया गेल्यावर, मुलाचे नाव पटावरून काढावयास आले. ‘‘माटसाब, सरकार तर पाऊस चांगला म्हणत होते ना?’’ त्यांनी विचारले. भाकित सरासरीच्या १०१ टक्क्यांचे होते. हंगामाअखेर देशात पाऊस झाला सुमारे ८१ टक्के.

त्या भाकितामागे १९८८ पासून वापरात असलेले सोळा घटकांचे सूत्र होते. आपले डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी त्याचे कर्ते. हिमालयातील बर्फ, दूरदेशीचा वायुभार, असे ते घटक. ही वाट मुळात गिल्बर्ट वॉकर यांची. केंब्रिजचा हा गणिती १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचा प्रमुख झाला आणि जगभरच्या नोंदींतून दोन-दोन मालिकांचे सहसंबंध-गुणांक त्याने कारकुनांकरवी हाताने काढविले. गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्य आला, तर सरळ रेषेतले नाते नाही. ‘सरळ रेषेतले’ हे शब्द विद्यार्थी हमखास गाळतात, विद्वानही गाळतात!

सोयाबीनच पाहा. पाऊस थोडा झाला तर पीक करपते, फार झाला तर कुजते, मध्यम झाला तर भरघोस येते. दोन्ही टोके सारखीच वाईट असली, तर गुणांक शून्याजवळ येईल. म्हणजे पिकाचा पावसाशी संबंधच नाही, असे कोणता शेतकरी म्हणेल? अशी वाकडी नातीही टिपणारी मापे आता आहेत. शॅननच्या १९४८ च्या माहिती-सिद्धांतातून आलेली ‘परस्पर-माहिती’ ही त्यांपैकी एक. दोन राशी खरोखर स्वतंत्र असतील तरच ती शून्य होते. मात्र तिची भूक मोठी. आणि मोसमी पाऊस वर्षाला एकच आकडा देतो! १८७१ पासून मोजले तरी दीडशेच्या आसपासच.

शिवाय नाती बदलतात. १९९७ मध्ये प्रशांत महासागरातील एल् निन्यो अत्यंत प्रबळ होता, तरी आपल्याकडे पाऊस सरासरीहून किंचित अधिकच झाला. २००२ चा एल् निन्यो त्या मानाने मध्यम, आणि अवर्षण पडले. पुढच्याच वर्षी हवामानखात्याने सूत्र बदलले.

यातले फारसे काही मी त्या गृहस्थांना तेव्हा सांगू शकलो नाही. नाव मात्र पटावर राहू दिले. मुलगा दिवाळीनंतर परत आला.