पत्रिका जुळत नाही

२०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली होती. वडील गेल्यापासून त्यांच्या वाटणीची भाऊबीज मी चालवतो. सकाळची दौंडकडे जाणारी गाडी पकडायची, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशने मोजत केडगावला उतरायचे आणि आत्याकडून ओवाळून घ्यायचे. ओवाळणीत दरवर्षी साडी असते. त्या खेपेला मी आधुनिक व्हायचे ठरवले आणि साडीऐवजी दहा इंची टॅबलेट नेला.

"साडीच न्या," सौ.नी बजावले होते. "साडीला चार्जर लागत नाही."

पण वाचकहो, बायकोचे ऐकायची मला सवय असती तर हे सदर लिहायला विषय कोठून आले असते?

माझा बेत तसा चांगला होता. आत्याचे यजमान दौंडला रेल्वेत होते. त्यांच्यामागे मिळणाऱ्या पेन्शनवर आत्या केडगावात स्वतःच्या घरात, स्वतःच्या मताने राहते. पुण्याला चल म्हटले की, "माझं मी खाते, तोवर माझं मी राहते," हे ठरलेले उत्तर. त्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. महिनाअखेरपर्यंत तो पोहोचला नाही तर पुढची पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर थकबाकीसकट मिळते, हे खरे. पण किराणावाल्याला थकबाकीचे तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. त्यातून आत्याच्या गुडघ्यांनी त्या वर्षी संप पुकारलेला. बँकेच्या पायऱ्या चढणे तिच्याच्याने होण्यासारखे नव्हते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' नावाची सोय काढली. तेव्हा बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे लागत. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नुसता चेहरा धरला तरी चालतो. मी मनात म्हटले, टॅबलेटचा पडदा मोठा, अक्षरे मोठी, आत्या घरबसल्या दाखला देईल आणि भाच्याला दुवा देईल.

ओवाळून झाले, करंज्या झाल्या आणि मी अ‍ॅपच्या दुकानात शिरलो. दुकान म्हणाले, तुमचे उपकरण या आवृत्तीशी सुसंगत नाही.

"काय म्हणतंय?" आत्याने विचारले.

"पत्रिका जुळत नाही म्हणतंय."

"अरे, मग ज्योतिषी बदल."

मी टॅबलेट बंद करून चालू केला. दुकानाची साठवण पुसली. जागा रिकामी केली. दुकानाचीच नवी आवृत्ती घेतली. उत्तर तेच. शेवटी आत्याने शेजारच्या अकरावीतल्या मुलाला हाक मारली. त्याने टॅबलेट हातात घेतला आणि सेटिंगमध्ये खोल कोठेतरी जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती काढली. डॉक्टर जीभ बघतात तसे तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "काका, ही जुनी आहे. अ‍ॅपला हिच्यापेक्षा नवी लागते."

"मग नवी करू."

त्याने बटण दाबले. टॅबलेटने सांगितले, मी अद्ययावत आहे! मला हा खोटेपणा वाटला. पोरगा म्हणाला, त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे. कंपनी आपल्या उपकरणाला ठरावीक वर्षेच नव्या आवृत्त्या पुरवते. त्या संपल्या की यंत्र मिळालेल्या शेवटच्या आवृत्तीलाच अद्ययावत समजत राहते. माझ्या ओळखीतले काही गृहस्थही असेच आहेत. असो.

मग त्याने मला या पत्रिकेची घरे समजावून दिली. प्रत्येक अ‍ॅपबरोबर मागण्यांची यादी असते: निदान इतकी नवी अँड्रॉइड हवी, अमुक जातीचा प्रोसेसर हवा, कॅमेरा हवा. दुकान यादी आणि उपकरण ताडून पाहते आणि न जुळल्यास नकार कळवते. टॅबलेटच्या पत्रिकेत तर हमखास मंगळ असतो. तो म्हणजे सिमकार्डाची सोय नसणे. अ‍ॅपने फोन लावायची किंवा एसएमएस पाठवायची परवानगी मागितली, की दुकान समजते, याला फोनची सोय असलेले स्थळच हवे. वास्तविक अ‍ॅप करणाऱ्याने 'नसली तरी चालेल' एवढी एक ओळ यादीत लिहिली तर काही अडत नाही. पुष्कळ ठिकाणी ती ओळ लिहायची राहून जाते. काही ठिकाणी मात्र मागणी खरीच असते. पैसे पाठवायच्या यूपीआय अ‍ॅपांना खातेदाराच्या सिमवरूनच एसएमएस जावा लागतो. तिथे कितीही शांत केली तरी मंगळ हटत नाही.

हे आपल्यापुरतेच आहे असेही समजू नका. २०१० साली आयपॅड विकायला आला तेव्हा आयफोनची कित्येक अ‍ॅपे त्याच्या ऐसपैस पडद्यावर मधोमध लहानशा चौकटीत बसत. वाड्याच्या दिवाणखान्यात पाटावर पाहुणा बसवावा तशी. व्हॉट्सअ‍ॅपचे आयपॅडसाठीचे स्वतंत्र अ‍ॅप तर मे २०२५ मध्ये आले. पंधरा वर्षे स्थळ पाहणे चालले होते म्हणायचे.

"दुकान देत नाही तर बाहेरून घेऊ," मी धीर करून म्हटले. तशी अ‍ॅपे बाहेर मिळतात, हे मी ऐकून होतो.

पोरगा गंभीर झाला. "काका, आधार नंबर, पेन्शनचा नंबर, बँकेचं खातं, सगळं त्यात टाकायचंय. बाहेरच्या अ‍ॅपमध्ये कोण बसलंय काय माहीत? आणि अँड्रॉइड जुनी असली तर तेही चढणार नाहीच."

मी गप्प बसलो. सतरा वर्षांच्या मुलाने शहाणपण शिकवले की आमच्या वयाला गप्प बसणेच शोभते.

दुपार टळली. अंगणात बसून मला केडगावच्या जुन्या छापखान्याची आठवण झाली. पंडिता रमाबाई या गावी, मुक्ती सदनात राहत. साध्या बायकांना कळावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ साली ते पुस्तक इथल्याच छापखान्यात छापून पुरे झाले. वाचणारीला पुस्तक झेपत नसेल तर पुस्तक बदलावे, हे या गावात शंभर वर्षांपूर्वी एका बाईला उमगले होते. मी मात्र सकाळपासून आत्यालाच यंत्राच्या मापात बसवत होतो.

"काका," पोरगा म्हणाला, "दाखला आजींच्याच टॅबलेटवरून का काढायचा?"

"म्हणजे?"

"कुणाच्याही फोनवरून निघतो. आधी फोनवाल्याने आपला चेहरा दाखवायचा, मग पेन्शनवाल्याने. तुमचा फोन कुठाय?"

फोन माझ्या खिशात होता. सकाळपासून होता.

आत्याने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन्शनचा कागद काढला. तिच्या बटणांच्या फोनवर ओटीपी आला. मग तिने पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. अ‍ॅपने पापण्या मिटून उघडायला सांगितले.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "त्यांच्यामागे एवढी वर्षं एकटीनं काढली, त्याचा पुरावा नको?" आणि तिने पापण्या मिटून उघडल्या. दाखला झाला. तिने कागद पुन्हा पिशवीत घातला आणि मगच डोळ्यांना पदर लावला. मी दुसरीकडे पाहिले.

ज्यांच्या घरी असा फोन नाही त्यांनी टपालखात्याला सांगावे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन हा दाखला करून देतो. या दिवाळीत कुणाला टॅबलेट देणार असाल तर तीन गोष्टी विचारून घ्या: अँड्रॉइड कितवी, नव्या आवृत्त्या किती वर्षे मिळणार आणि सिम बसते का? शिवाय अ‍ॅप नाही चढले तर तेच काम ब्राउझरमध्ये उघडून पाहावे; पुष्कळदा तिथे पत्रिका कुणी मागत नाही. आत्या आता त्याच टॅबलेटवर मोठ्या अक्षरांत वर्तमानपत्र वाचते. तेवढ्यापुरते दोघांचे छत्तीस गुण जमतात.

२०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरलाच होती. ऐंशी ओलांडलेल्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासून घेतात, पण आत्या एकोणऐंशीची. म्हणजे नोव्हेंबरात मला आणखी एक फेरी घालावी लागणार होती. ही अडचण मी तिला फोनवर सांगितली.

"अडचण कसली मेल्या," ती म्हणाली, "म्हणजे यंदा दोनदा येशील!"

साडी आणून ठेवली होती.