धुरा पुसण्याआधी



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता ठीक आहे. फोन करून चौकशी करणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना हे एकत्रच उत्तर समजावं!

आज जरा गणिताचं. कंटाळा येईल असं वाटत असेल तर ताईसाहेबांनी मधला भाग सोडून थेट शेवट वाचावा, शेवटी घरचंच आहे.

नोकरीत असताना मी सातवीच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी विचारायचो. दोन सारखे चौरस एकमेकांना चिकटवून ठेवले, तर जी आकृती होते तिला बाजू किती? पोरं भराभर हात वर करायची. कुणी म्हणे आठ, कुणी सात, कुणी सहा. एखादा हुशार म्हणे चार, कारण तो आयत झाला. मी 'चार'ला शाबासकी द्यायचो आणि बाकीच्यांना खाली बसवायचो. पुढच्या धड्याकडे वळायचो.

आता पंच्याहत्तरी जवळ आल्यावर कळलं, की त्या खाली बसवलेल्या पोरांचंही बरोबर होतं. कळलं ते नातवामुळे. त्याची गोष्ट अशी.

नातू पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. गेल्या दिवाळीत मेहकरला आला तो लॅपटॉप घेऊनच. त्याला मॅटलॅब नावाच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढायचा होता, आणि नमुना म्हणून त्याने आपला बुलढाणा जिल्हा घेतला. मी त्याला सांगितलं, की बाबा रे, आज जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, पण इंग्रजांच्या वेळी पाचच होते: चिखली, मलकापूर, मेहकर, खामगाव आणि जळगाव. त्यातले खामगाव आणि जळगाव तर १९०५ साली अकोला जिल्ह्यातून आपल्याकडे आले. माझ्या लहानपणी लोणारसुद्धा मेहकर तालुक्यातच होतं. तो म्हणाला, "आबा, मग तुमच्या लहानपणीचा तालुका काढू. मेहकर आणि लोणार जोडून टाकतो."

त्याने दोन्ही तालुके एकाच हिरव्या रंगात रंगवले. मधली काळी सीमारेषा काढून टाकली. आणि तरीही मध्ये एक बारीक पांढरी रेघ दिसतच राहिली! केसासारखी. मला वाटलं माझ्या डोळ्याचा दोष. पण त्यालाही दिसत होती, छापून आणलं तर कागदावरही दिसली.

ही रेघ येते कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. पडदा म्हणजे लहान लहान ठिपक्यांची चौकट. सीमेवरचा एखादा ठिपका निम्मा मेहकरात आणि निम्मा लोणारात पडतो. संगणक आधी मेहकर रंगवतो. निम्माच ठिपका आपला, म्हणून तो निम्मा रंग देतो, निम्मं पांढरं उरतं. मग लोणार रंगवायला घेतो, पुन्हा निम्मा रंग. पण हा दुसरा रंग नेमका उरलेल्या पांढऱ्यावर पडत नाही, सगळ्या ठिपक्यावर सारखा पसरतो. म्हणजे पांढऱ्याचं निम्मं झाकतं आणि निम्म्याचं निम्मं, पाव भाग पांढरं, तसंच राहतं. तेच आपल्याला रेघ होऊन दिसतं. दोघांनीही आपापला वाटा प्रामाणिकपणे रंगवला आणि तरी मध्ये पाव भाग उघडा राहिला. (हे वाक्य लिहिताना मला दुसरंच काहीतरी आठवलं. ते पुढे येईल.)

हे फक्त नकाशातच होतं असं नाही. लोणारचं ते पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर, त्याच्या उंचसखलपणाचा रंगीत आलेख मॅटलॅबमध्ये किंवा मॅथेमॅटिकात काढला, तर एकेका रंगाचा पट्टा पुष्कळदा लहान लहान बहुभुजाकृतींचा बनलेला असतो. छापायला घेतलं की त्यांच्या सांध्यांची जाळी उमटू शकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा. प्रत्येक आकृतीला तिच्याच रंगाची काठरेघ द्यायची, म्हणजे पांढरं झाकलं जातं. नातवाने आधी तेच केलं. पण रंग थोडा पारदर्शक ठेवला, खालची पैनगंगा दिसावी म्हणून, तर काठावर रंग दोनदा बसला आणि पांढऱ्याच्या जागी गडद रेघ उमटली. भिंतीची ओल न काढता वरून चुना मारण्यातला प्रकार!

दुसरा उपाय म्हणजे दोन आकृत्यांची खरोखर एक आकृती करणं. मॅटलॅबमध्ये आकृतीला पॉलीशेप म्हणतात आणि दोन पॉलीशेपची 'युनियन' मागितली की एक आकृती मिळते. आपण नववीला शिकवायचो तोच हा संयोग संच. मी त्याला विचारलं, "पण आतून हे होतं कसं?" या प्रश्नाची उत्तरं निरनिराळ्या पद्धतींची असतात, पण मुळातली कल्पना इतकी सुंदर आहे, की ती मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

प्रत्येक आकृतीच्या काठावरून एकाच दिशेने चालायचं, समजा घड्याळाच्या काट्याच्या उलट. डावीकडच्या चौरसाभोवती चालताना मधली बाजू आपण खालून वर चढतो. उजवीकडच्या चौरसाभोवती चालताना तीच बाजू वरून खाली उतरतो. एकदा वर, एकदा खाली. अधिक आणि उणे, शून्य! जी बाजू दोन उलट दिशांनी चालली गेली ती आतली, ती गळते. जी एकदाच चालली गेली ती बाहेरची, ती उरते. आठातून दोन गेल्या, सहा उरल्या. आणि सहापैकी जे बिंदू सरळ रेषेतच आहेत ते काढले, की चार. म्हणजे आठ, सहा, चार ही सगळी उत्तरं वाटेवरचीच होती. 'सात' म्हणणाऱ्याने मधली रेघ एकदाच मोजली होती, इतकंच. मी त्यांना विचारायला हवं होतं, की बाळा, तू कसं मोजलंस?

असो.

आता खरी गोम. ही वजाबाकी तेव्हाच जमते, जेव्हा दोन्ही आकृत्यांतली मधली बाजू अगदी तंतोतंत एकच असते. संगणकाला 'जवळजवळ' कळत नाही. त्याला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगा, त्याच्या दृष्टीने ती ०.३ च्या बरोबर येत नाही, कारण दोनच्या पटीतल्या त्याच्या आकडेमोडीत हे अपूर्णांक पुरते मावत नाहीत. दोन तालुक्यांच्या सीमा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी गिरवल्या असतील, तर कुठे बारीक फट राहते आणि कुठे एक आकृती दुसरीवर चढते. तशी युनियन केली तर फटी आत भोकं होऊन बसतात. मग त्या बुजवण्यासाठी युक्ती करतात. दोन्ही आकृत्या थोड्या फुगवायच्या, जोडायच्या आणि तेवढ्याच पुन्हा आकसायच्या. फट नाहीशी!

पण किती फुगवायच्या? एक सेंटिमीटर की दहा मीटर? हा आकडा सॉफ्टवेअर आपणहून ठरवत नाही. तो माणसाने सांगायचा असतो. नातवाने सहज एक आकडा टाकला, नकाशा छान गुळगुळीत झाला आणि तो खूश झाला. मी मात्र अस्वस्थ झालो. का ते सांगतो.

आमच्या वडिलांची जमीन, गावाकडची. १९८९ साली आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. मध्ये धुरा. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: तुम्ही ज्याला बांध म्हणता त्याला आम्ही वऱ्हाडात धुरा म्हणतो.) २००३ च्या पावसाळ्यानंतर भाऊ म्हणाले, की माझ्या सालदाराने नांगरताना धुरा कोरला, त्यांच्या बाजूला सरकवला. मी म्हटलं, तसं काही नाही. मी मास्तर, मी लगेच हिशेब मांडला. धुरा १८० मीटर लांब, सरकला म्हणतात ते सरासरी ८० सेंटिमीटर, म्हणजे १४४ चौरस मीटर, दीड गुंठ्याच्याही आत. भाऊ म्हणाले, "मास्तर, तुमचा हिशेब तुमच्यापाशी ठेवा. मले माहा धुरा पायजे." त्यानंतर आमचं बोलणं जवळपास बंदच झालं. लग्नकार्यात एका पंगतीला बसलो तरी मध्ये दोन पानं सोडून. २०१६ साली भाऊ गेले. त्यांना खांदा दिला, पण बोलायचं राहून गेलं.

आता पुतण्या शेती बघतो. चांगला मुलगा आहे. त्याच्या आणि माझ्या शेतात मिळून ठिबक टाकायचं ठरलं, म्हणून त्याला दोन्ही शेतांचा एकच नकाशा हवा होता. नातू आणि पुतण्या दोघे मोबाईल घेऊन आपापल्या शेताच्या कडेने फिरून आले. नातवाने दोन्ही आकृत्या लॅपटॉपवर एकत्र मांडल्या. धुऱ्यावर एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला एकावर एक. फट जिथे रुंद होती तिथे तीन मीटर.

पुतण्या पडद्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, बाबा म्हणत होते तेच निघालं की."

घरात एकदम शांतता झाली. नातवाला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "काही नाही हो, दोन मीटर फुगवलं की जातंय." आणि त्याने ते केलंही. फट गेली. धुरा गेला. एकच हिरवी आकृती, पांढरी रेघसुद्धा नाही. वीस-बावीस वर्षांचं भांडण एका बटणासरशी पुसलं, आणि पुतण्याच्या चेहऱ्यावर मला भाऊ दिसले.

मी नातवाला ते परत पहिल्यासारखं करायला सांगितलं. मग मीच पुतण्याला समजावलं, की साध्या मोबाईलची जागा तीन ते पाच मीटरनी इकडेतिकडे होऊ शकते. भांडण ८० सेंटिमीटरचं. ज्या मापाची चूकच भांडणाच्या चारपट आहे, त्यावरून तुझे बाबा खरे की मी खरा हे ठरत नाही. ही फट त्यांच्या बाजूचा पुरावा नाही आणि फट पुसून टाकली तर तो माझ्या बाजूचा निकालही नाही. त्याला ते पटलं. मलाही बोलताबोलताच पटलं, कारण इतकी वर्षं मी मनात 'दीड गुंठ्याच्या आत' एवढंच म्हणत आलो होतो. म्हणजे मी माझ्यापुरता आकडा ठरवून फट बुजवली होती आणि भाऊंना विचारलं नव्हतं.

तेव्हा माझं मत असं. आकृत्या जोडाव्यात, जरूर जोडाव्यात. सरकारही जोडतंच आलं आहे. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा आहे, आणि अनेक गावांच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले ते त्यातूनच. पण जोडणाऱ्याने, मग तो तलाठी असो, इंजिनीअर असो की माझा नातू, तीन गोष्टी पाळाव्यात.

एक, आधी जुळतं का ते बघावं, मग पुसावं. दोन, बेरीज करून पाहावी. दोन्ही आकृत्यांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेतून सामाईक भाग वजा केला, की जोडलेल्या आकृतीचं क्षेत्रफळ यायला हवं. त्याहून जास्त आलं तर मधली कुणाची तरी जागा आपण गिळली असं समजावं. तीन, किती फट माफ केली तो आकडा नकाशाखाली स्पष्ट लिहावा आणि मूळ आकृत्या जपून ठेवाव्यात. कुणी म्हणेल, मास्तर, ठिबकच्या नळ्यांसाठी एवढं कशाला? खरं आहे, नळीला दोन मीटरने काही फरक पडत नाही. पण नकाशा एका कामासाठी काढला जातो आणि पुढे भलत्याच कामासाठी कुणाच्या तरी हाती लागतो. तेव्हा त्यावर लिहिलेली ती एक ओळच सांगेल, की ही सीमा नाही, ही आमची सोय आहे.

आमच्या नकाशाखाली आता नातवाने टंकलं आहे: 'हा नकाशा फक्त ठिबकसाठी. धुऱ्यावरची तीन मीटरपर्यंतची फट बुजवली आहे. मूळ दोन्ही आकृत्या वेगळ्या ठेवल्या आहेत.' खाली पुतण्याची आणि माझी सही. शेतातला धुरा आहे तिथेच आहे. पुढेमागे सरकारी मोजणी करायची झाली तर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि निघेल ते मान्य करायचं, एवढं ठरलं.

सही करून झाल्यावर पुतण्या चहा घ्यायला थांबला. जाताना म्हणाला, "काका, बाबांच्या वेळेला हे एवढं लिहून घेतलं असतं तर..." आणि वाक्य अर्धंच ठेवून गेला.

तुमच्याकडे धुरा, बांध, भिंत, जे काही असेल, त्याचं काय केलंत ते जरूर कळवा. आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल, 'आठ', 'सात' किंवा 'सहा' म्हणून खाली बसलेला, तर त्याला आज एवढंच सांगतो: बाळा, तुझंही बरोबर होतं.