पडदा मालकाचा, जाब चालकाला
ब्रिटनमधील अनेक मालवाहू ट्रेलरना बाजूला भिंत नसते, सरकता पडदा असतो. मालकाला सोयीचा, फोर्कलिफ्टने माल झटपट चढतो. पण पडदा पाऊस अडवतो, माल नव्हे! मालाच्या वजनाच्या निम्म्याइतका जोर बाजूला येईल असे धरून तो बांधावा, असा तेथील दंडक. 'ईएन १२६४२ एक्सएल' दर्जाची बळकट बाजूसुद्धा भारक्षमतेच्या ४० टक्केच जोर सोसते. छताला लोंबणारे पट्टे जड मालाला पुरत नाहीत. माल भरतात गोदामवाले, अनेकदा चालकाला जवळ फिरकूही न देता. कायद्याने मालकही जबाबदार आहे. पण रस्त्यात तपासणीला सापडतो तो चालक. ही कुठली न्यायबुद्धी? माल भरताना हजर राहण्याचा आणि धोक्याची गाडी नाकारण्याचा लेखी हक्क चालकाला मिळालाच पाहिजे.