पुळण कोणाच्या मालकीची?

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईकराचे पाय आपसूक समुद्राकडे वळतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वर्षभर कोंडलेल्या कुटुंबाला दमडी न मोजता मिळणारे एवढेच एक सुख उरले आहे. परंतु गिरगाव आणि जुहू येथे गर्दी व घाण यांनी जीव नकोसा होतो. म्हणून हा गृहस्थ मुलाबाळांसह एस. टी.त बसून आंजर्ले, गुहागर किंवा भोगवे गाठतो. तेथे तरी पुळणीकडे जाणारी पाखाडी त्याला मोकळी मिळेल काय, हा आमचा प्रश्न आहे.

समुद्रकिनारा ही कोणाची खाजगी जहागीर नव्हे. भरतीरेषेपासून ५०० मीटर पट्टा मोकळा ठेवा, असे इंदिरा गांधींनी १९८१ साली किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना बजावले होते. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदी २०० मीटरवर आणली. समुद्रकिनारा ही जनतेची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तरीही २०१९ साली दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही मर्यादा ५० मीटर झाली! कोळ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या घरांना जागा हवी, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यांच्या नावाने उघडलेल्या दारातून धनिकांची विश्रामगृहे आत शिरणार नाहीत, याची हमी कोण देणार? ५०० चे २०० आणि २०० चे ५०! पुढची पायरी कोणती, हे सांगावयास ज्योतिषी नको.

मात्र सारा दोष सरकारच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. ज्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्याच वाळूवर मोटारी पिटाळणारे आणि बाटल्या फेकणारे आपलेच बांधव आहेत. उलट वर्सोव्यास २०१५ साली नागरिकांनी स्वहस्ते कचरा उपसण्यास आरंभ केला आणि २०१८ च्या मार्चमध्ये तेथे कासवांची पिल्ले समुद्राकडे धावताना दिसली. मनात आणले तर काय होऊ शकते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आमची मागणी साधी आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक गावात पुळणीकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटेची सरकारी दप्तरात नोंद व्हावी, वाटेच्या तोंडाशी तसा फलक लागावा आणि पुळणीवर वाहनांस सक्त मनाई असावी. समुद्राने आजवर कोणाकडे तिकीट मागितलेले नाही. त्याच्या दारात उभे राहून ते मागण्याचा अधिकार कोणासही मिळता कामा नये!